पिंपाचा पूर्वेतिहास

खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय घरी ठेवणाऱ्या कुणालाही छेडून बघा. तो दिव्यांवर अर्धा तास बोलेल. पंप किती वॅटचा, मीठ कुठल्या कंपनीचं, माशांना दिवसातून किती वेळा खायला घालायचं... सगळं तोंडपाठ! मग हळूच विचारा, "पाणी कशात साठवतोस रे?" उत्तर येईल, "आहे ना एक पिंप." बस्स. ते पिंप कुठून आलं, त्यात आधी काय होतं, त्याला तोटी कशाची आहे, हे प्रश्न सिलॅबसच्या बाहेरचे.

माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. या छंदात सगळ्यात जास्त चौकशी करून घ्यायची वस्तू कुठली, तर हे पिंप. दिवा चुकीचा आणला तर दिसतं आणि बदलता येतो. पिंप चुकलं तर प्राणी मरतात, आणि आपण दिव्याला नाहीतर मिठाला दोष देत बसतो.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडी थिअरी (व्हायवाला येणार नाही, निवांत वाचा). समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावरचं पाणी भरून आणण्याच्या लायकीचं नाही हे सांगायला नको, म्हणून आपण आरओचं पाणी घेतो आणि त्यात तयार सागरी मीठ विरघळवतो. माझी टाकी १२० लिटरची आहे. त्यात क्लाउनफिशची एक जोडी, दोन क्लीनर श्रिंप म्हणजे लाल पट्ट्याच्या कोळंब्या, आणि काही गोगलगायी. (प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यामुळे मी त्यांच्या वाटेला जात नाही.) दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं, म्हणजे बारा लिटर खारं पाणी तयार हवं. मीठ टाकल्या टाकल्या ते वापरत नाहीत, पंप लावून निदान एक दिवस ढवळत ठेवतात. शिवाय टाकीतून पाणी उडतं पण मीठ उडत नाही, म्हणून रोजची तूट भरायला गोडं पाणी वेगळं साठवावं लागतं. मे महिन्यात पंख्याखाली ही तूट चांगलीच जाणवते. एकूण दोन पिंपं आली. एक खाऱ्याचं, एक गोड्याचं, आणि दोन्हींत पाणी दिवसचे दिवस उभं.

आता गंमत अशी की ही दोन्ही पाणी आपापल्या परीने त्रासदायक आहेत. खाऱ्या पाण्यात लिटरमागे जवळजवळ १९ ग्रॅम क्लोराइड असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा २५० मिलिग्रॅम आहे, म्हणजे हे त्याच्या पंचाहत्तरपट! आईच्या स्वयंपाकघरातलं स्टीलचं पिंप साधारण ३०४ जातीच्या स्टीलचं असतं. ते या क्लोराइडपुढे टिकत नाही, बारीक बारीक खड्डे पडून गंजतं. आणि आरओचं पाणी? त्यात विरघळलेलं जवळजवळ काहीच नसतं, पीएच सांभाळून धरणारंही काही नसतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ते किंचित आम्लधर्मी होतं आणि हाताशी धातू सापडला की त्यातला थोडा थोडा ओढून घेतं. तेव्हा पहिला नियम सरळ आहे. पाण्याला धातू लागता कामा नये, कुठलाच.

धातूंमध्ये सगळ्यात वाईट तांबं. इथे आपल्या घरच्यांशी वाद होतो. आपल्याकडे तांब्याचा हंडा म्हणजे पाण्याचं सर्वोत्तम भांडं, आजीने पिढ्यान्‌पिढ्या तेच सांगितलंय, आणि माणसासाठी ते ठीकही आहे. पण उघड्या समुद्राच्या पाण्यात तांब्याचं प्रमाण लिटरमागे एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असतं. माशांना अंगावर पांढरे ठिपके पडणारा रोग झाला की औषध म्हणून तांबंच देतात, लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. तेवढ्यावर मासा तगतो, कोळंबी आणि गोगलगाय मरतात. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस १०५००) तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं. म्हणजे आपण ज्याला स्वच्छ पाणी म्हणू ते कोळंबीचं विष असू शकतं. मजा म्हणजे कोळंबीच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारा पदार्थ तांब्यावरच चालतो, आपला जसा लोखंडावर. तरी बाहेरचं मोकळं तांबं तिला सोसत नाही.

हल्ली आणखी एक भानगड झाली आहे. घरगुती आरओ यंत्रांत 'तांब्याचे गुण' म्हणून तांब्याचं कार्ट्रिज बसवून येतं. काही पाण्याच्या टाक्याही आतल्या थरात तांबं किंवा चांदी आहे, जंतू वाढत नाहीत, असं सांगून विकल्या जातात. माणसांसाठी घ्यायच्या असतील तर घ्या बापडे. मत्स्यालयासाठी मात्र दुकानदार हा गुण सांगायला लागला की तिथून निघायचं.

डोंबिवलीला माझा एक सीनियर राहतो, त्याच्याकडे हेच झालं. दादाची टाकी माझ्या दुप्पट, काम एकदम टापटीप. पाणी बदललं की दोन दिवसांत कोळंबी गेलीच समजा, मासे मात्र मजेत. तीन वेळा असं झालं. त्याने मीठ बदललं, दिवे कमी केले, विकणाऱ्याशी भांडला. शेवटी आम्ही दोघं पिंपासमोर बसलो. पिंप नवं कोरं, उत्तम प्लास्टिकचं. पण बुडाशी पाणी काढायला म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली पितळी तोटी लावलेली! पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. तोटीच्या आटीवर हिरवट थर चढला होता. तांब्याचं टेस्ट किट आणून पिंपाच्या तळचं पाणी तपासलं तर रंग आला. तोटी काढून प्लास्टिकची बसवली, पिंप धुतलं, कार्बन टाकून टाकीचं पाणी टप्प्याटप्प्याने बदललं. त्यानंतरची कोळंबी सात महिने झाले, जिवंत आहे. मासे जगतात आणि कोळंबी-गोगलगायी मरतात, असा प्रकार दिसला की आधी धातू शोधावा असं माझं मत तेव्हापासून पक्कं झालं आहे. आणि तो फक्त तोटीत असतो असंही नाही. सीपीव्हीसीच्या काही जोडांत आत पितळी आटे असतात, बाहेरून पूर्ण प्लास्टिक दिसतं. मोठ्या तोंडाच्या निळ्या पिंपाचं झाकण ज्या कड्याने आवळतात ते कडं जस्त चढवलेल्या लोखंडाचं असतं, त्यावर दमट हवा बसून थेंब आत गळतात. पंप पाण्यात सोडायला बांधलेली तारसुद्धा बघावी.

आता प्लास्टिककडे वळू. इथे सगळ्यांचा एक परवलीचा शब्द आहे, 'फूड ग्रेड'. पिंपाखाली त्रिकोणात २ आकडा दिसला की झालं फूड ग्रेड, अशी समजूत आहे. मित्रांनो, तो आकडा १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने काढला, तो भंगारात प्लास्टिक वेगळं करता यावं म्हणून. २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ३ म्हणजे पीव्हीसी, ७ म्हणजे उरलेले सगळे. प्लास्टिक कुठलं एवढंच तो सांगतो. रंग कुठला घातलाय, माल नवा की पुन्हा वितळवलेला, यातलं काहीही तो सांगत नाही. रस्त्यावर मिळणाऱ्या काळ्या बादलीच्या बुडाशीही २ असू शकतो, आणि ती बादली उन्हात ठेवून नाक आत घातलं तर काय काय वितळवलंय ते कळतं!

खरी खूण वेगळी आहे. अन्न आणि पिण्याच्या पाण्याला लागणाऱ्या पॉलिइथिलीनसाठी आयएस १०१४६ आहे, रोटोमोल्डिंगच्या पाण्याच्या टाक्यांसाठी आयएस १२७०१. वस्तूवर आयएसआयचा शिक्का आणि हा क्रमांक असेल तर बोलण्यात अर्थ आहे. तरी एक लक्षात ठेवा. अन्नाच्या प्लास्टिकमधून किती पदार्थ उतरू शकतो याची एकूण मर्यादा लिटरमागे ६० मिलिग्रॅम आहे. ती माणसाच्या हिशेबाने ठरवलेली आहे. चांगल्या एचडीपीईमधून थंड पाण्यात त्याच्या जवळपासही काही उतरत नाही, म्हणून मी एचडीपीई वापरतो. पण 'फूड ग्रेड' हा शब्द ऐकून डोकं बाजूला ठेवायचं, हे मला मान्य नाही.

कारण सगळ्यात मोठा प्रश्न तो शब्द विचारतच नाही. आधी यात काय होतं?

भंगारवाल्याकडे दोनशे लिटरचं निळं पिंप नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. आपल्यासारख्या इंजिनियरांना जुगाडाचा मोह होतो, आणि वर 'रीयूज, पर्यावरण' हे कारणही तयार असतं. पिंप एचडीपीईचंच असतं, एक नंबर मजबूत. पण लोणच्याची प्लास्टिकची बरणी धुऊन तिच्यात साखर भरून बघा. धुतलेल्या बरणीला वास का राहतो? लोणच्याचं तेल पृष्ठभागावर थांबत नाही, प्लास्टिकच्या आत मुरतं. एचडीपीई तेलं आणि सेंद्रिय सॉल्व्हंट असेच पोटात घेतं आणि मग आठवडेच्या आठवडे हळूहळू बाहेर सोडत राहतं. आपण डिफ्यूजनचं समीकरण परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, ते हेच. तीन वेळा धुवा नाहीतर तेरा वेळा धुवा, धुणं फक्त पृष्ठभागाचं होतं. पिंपात पूर्वी व्हिनेगर किंवा द्रव ग्लुकोज असेल तर काही बिघडत नाही, हे पदार्थ पाण्यात विरघळून निघून जातात. मिठाईवाल्याकडून थेट आणलेलं, लेबल शाबूत असलेलं ग्लुकोजचं पिंप मी आनंदाने घेईन. लेबल खरवडलेलं, 'साबणाचं होतं साहेब' असं सांगून विकलेलं पिंप मी फुकटही घेणार नाही. साबणाचं असलं तरीसुद्धा! ज्या पाण्यात प्राणी कल्ल्यांनी श्वास घेतात, त्या पाण्यात साबण नकोच.

कायदाही याच बाजूचा आहे. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत, घातक रसायनं लागलेली रिकामी पिंपं हा पहिल्या परिशिष्टातला स्वतंत्र प्रकार आहे. ती परवानाधारकाकडे जाऊन निर्धोक व्हायला हवीत, थेट हायवेच्या कडेला विक्रीला नव्हे. कडेला उभ्या असलेल्या पिंपांपैकी कुठलं कुठल्या वाटेने आलं हे बघून सांगता येत नाही, म्हणून अनोळखी पिंपाला नकार द्यायचा, एवढाच उपाय आपल्या हातात आहे.

आकाराबद्दल थोडं, मेकॅनिकलच्या मंडळींसाठी. कपडे ठेवायचे चौकोनी, पातळ, झाकणवाले खोके पाण्यासाठी वापरू नका. गोल पिंपाची भिंत पाण्याचा दाब ताणावर पेलते, सपाट भिंत तोच दाब वाकून पेलते. अर्धा मीटर खाऱ्या पाण्याच्या तळाशी दाब सुमारे ५ किलोपास्कल. ऐकायला काहीच नाही, पण आठवड्याभरात खोक्याचं पोट सुटतं आणि एका रात्री कोपरा उलतो. दुसरं टोक म्हणजे दोनशे लिटरचं भरलेलं पिंप, दोनशे किलोंच्या वर वजन, तेही पाव चौरस मीटरवर. घरातल्या खोलीच्या स्लॅबचा हिशेब चौरस मीटरमागे साधारण दोनशे किलोंचा असतो. एका पिंपाने स्लॅब पडणार नाही, पण जुन्या इमारतीच्या गॅलरीत कठड्यालगत ते उभं करायची हौस कशाला? लहान टाकीला पन्नास लिटरची दोन नवी पिंपं पुरतात. एकाला निळा पट्टा, एकाला लाल पट्टा, म्हणजे घाईत गोड्याच्या जागी खारं पडत नाही. तोंड एवढं रुंद घ्या की हात कोपरापर्यंत आत जाऊन तळ पुसता येईल. वीस लिटरच्या पाण्याच्या जारचं हेच वाईट, निमुळत्या गळ्यातून आत शेवाळ धरलं की ब्रश घेऊन कसरत करत बसा.

आणि झाकण. झाकणाला लोक फार हलक्यात घेतात. उघड्या गोड्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो ही झाली एक गोष्ट. त्यासाठी पालिकेची माणसं येऊन साठवलेल्या पाण्यात टेमेफॉस टाकतात, ते योग्यच करतात. पण डासाची अळी आणि कोळंबी दोघी संधिपाद. जे अळीला मारतं ते कोळंबीला सोडत नाही. तसंच डासांच्या कॉइलचं आणि भिंतीत लावायच्या द्रवाचं. त्यातली पायरेथ्रॉइड जातीची औषधं पाण्यातल्या प्राण्यांना अतिशय जहाल आहेत. बेडरूममध्ये उघडं पिंप ठेवून रात्रभर कॉइल लावणारे महाभाग मी बघितलेत. झाकण लावा, घट्ट लावा, आणि पिंप अपारदर्शक घ्या म्हणजे आत उजेड जाऊन शेवाळ होणार नाही. पाणी काढायला बागेची हिरवी नळी नको, ती मऊ पीव्हीसी असते आणि मऊपणासाठी घातलेलं तेलकट रसायन तिच्यातून सुटतं. सिलिकॉनची नळी घ्या, दोन मीटर पुरते.

एवढं करूनही नव्या पिंपाची परीक्षा घ्यावी. टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो विरघळलेले क्षार मोजतो. तेल त्याला दिसत नाही आणि मायक्रोग्रॅममधलं तांबंही दिसत नाही. मी आर्टेमिया वापरतो. माशांच्या खाद्याच्या दुकानात या चिमुकल्या खाऱ्या कोळंबीच्या अंड्यांची डबी मिळते, पंचवीस-अठ्ठावीस अंशांना दीड दिवसात पिल्लं बाहेर येतात. एकाच घाणीचं खारं पाणी अर्धं नव्या पिंपात आणि अर्धं काचेच्या बरणीत आठवडाभर ठेवायचं. मग दोन ग्लासांत वीस-वीस पिल्लं सोडून दोन दिवस मोजत बसायचं. पिंपाच्या ग्लासात जास्त मेली तर पिंप परत. आर्टेमिया तशी चिवट जात आहे, तेव्हा ती जगली म्हणून सगळं आलबेल असं नाही. पण ती मेली तर शंका उरत नाही.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, दोन कोळंब्यांसाठी एवढा उपद्व्याप? म्हणून आता माणसांचं सांगतो. गेल्या गॅदरिंगला पिण्याच्या पाण्यासाठी मंडपवाल्याकडून चार निळी पिंपं आली होती. सवयीने मी वाकून बघितलं. एकावर लेबलचा तुकडा राहिला होता. चौकटीसारखा उभा चौकोन, वरचा भाग पांढरा, खालचा काळा, टोकाशी ८ हा आकडा. वाहतुकीच्या खुणांत ८ म्हणजे कातडी जाळणारं, धातू खाणारं रसायन. कुठलं ते लिहिलेला भाग फाटला होता. मंडपवाल्या काकांना विचारलं तर ते म्हणाले, "अहो, तीन पाण्यांनी धुतलंय, आम्ही पण तेच पितो." ते खोटं बोलत नव्हते. टँकरच्या गावांत, टंचाईच्या वस्त्यांत अशीच पिंपं दारात उभी असतात, कारण नवं घ्यायला परवडत नाही. तिथे कुणी आर्टेमिया मोजत नाही. कोळंबी दोन दिवसांत मरून सांगते तरी, माणसाच्या बाबतीत सांगणारं कुणी नसतं.

त्या संध्याकाळी आम्ही ती चारही पिंपं हात धुवायलासुद्धा ठेवली नाहीत, बाहेरून जार मागवले. यंदाच्या गॅदरिंग समितीकडे माझी मागणी आहे की पाण्याची पिंपं कॉलेजने स्वतःची घ्यावीत, नवी, आयएसआय शिक्क्याची, झाकणासकट. चार पिंपांचा खर्च डीजेच्या एका तासाहून जास्त येणार नाही. वर्षभर ती मेसला वापरता येतील. तोटी बसवायचं काम मी फुकट करून देईन, प्लास्टिकची.